प्रुरिगो नोड्युलॅरिस

प्रुरिगो नोड्युलॅरिस हा त्वचेचा एक दीर्घकालीन, असंसर्गजन्य विकार आहे. यात प्रामुख्याने पायांवर आणि हातांच्या बाहेरील बाजूंवर तीव्र खाज सुटणाऱ्या टणक गाठी उठतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ जेम्स नेव्हिन्स हाइड यांनी १९०९ मध्ये या विकारास हे नाव दिले.

कारणे
सतत खाजवल्याने त्वचा जाड होते, तेथील चेतातंतू अधिक संवेदनशील होतात आणि खाज आणखी वाढते. या दुष्टचक्रामुळे गाठी टिकून राहतात. पाठीच्या मध्यभागी हात पोहोचत नसल्याने तेथे बहुधा गाठी आढळत नाहीत. कोरडी त्वचा, ॲटोपिक त्वचादाह, कीटकदंश, तसेच मूत्रपिंड व यकृताचे जुनाट विकार यांमुळे हे चक्र सुरू होऊ शकते.

निदान
निदान मुख्यतः त्वचेच्या तपासणीवरून होते. घरातील इतरांनाही खाज असल्यास किंवा बोटांच्या बेचक्यांत पुरळ असल्यास खरजेची शक्यता तपासतात. मूळ आजार शोधण्यासाठी रक्ततपासणी केली जाते.

उपचार
कोमट पाण्याने स्नान करून ओलसर त्वचेवर स्निग्ध मलम लावणे व नखे आखूड ठेवणे हितकारक असते. वैद्यकीय सल्ल्याने स्टेरॉइडयुक्त मलमे, गाठींत इंजेक्शन किंवा अतिनील किरणोपचार देतात. ॲलर्जीवरील नेहमीच्या गोळ्या अनेकदा अपुऱ्या पडतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या विकारासाठी डुपिलुमॅब या औषधास मान्यता दिली. गाठी बऱ्या झाल्यावरही काळसर डाग दीर्घकाळ राहू शकतात.