किहीमकरांचे कीर्तन

अलिबागच्या उत्तरेस किनाऱ्यावर असलेले किहीम हे गाव पक्षिप्रेमींना ठाऊक असते ते सलीम अलींमुळे. १९३० साली त्यांनी येथे सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला, आणि एक नर एकामागून एक घरटी बांधून अनेक माद्यांशी जोडी जमवतो हे दाखवून दिले. मुंबईकरांना किहीम ठाऊक असते ते शनिवार-रविवारच्या सहलीमुळे. आम्हांला मात्र या गावाचे नाव प्रथम भेटले ते एका आडनावात, आणि त्या आडनावाचा माग काढताना आम्ही जाऊन पोचलो ते मराठी कीर्तनाच्या एका दालनात. कीर्तनाविषयी लिहिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची पावले या दालनाकडे वळली आहेत.

हे आडनाव म्हणजे किहीमकर. ते लावणारे हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०–१९०८) बेने इस्राएल समाजातले. या समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचाच हा वंशविस्तार. पुढे हे लोक कुलाब्याच्या गावागावांत पसरले. तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. ज्या गावी राहिले त्या गावाला ‘कर’ जोडून त्यांची आडनावे झाली: किहीमकर, झिराडकर, चेऊलकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर. या आडनावांची यादी वाचली तरी जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो.

शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शमा’ ही प्रार्थना एवढे या समाजाने शतकानुशतके जपले; हिब्रू भाषा आणि ग्रंथ मात्र हातचे गेले होते. एकोणिसाव्या शतकात ते परत आले, आणि ते आले मराठीच्या वाटेने. कोचीनचे ज्यू शिक्षक आले. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. १८४६ साली मुंबईत पासओव्हरच्या सणाचा ‘हग्गादा’ हा ग्रंथ मराठी भाषांतरासह छापला गेला; १८७४ साली पुण्यात निघालेली त्याची आवृत्ती तर विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातली. ज्यूंच्या मुक्तीची कथा एका अग्निहोत्र्याच्या यंत्रावर मराठीत छापली जावी, यात त्या काळी कुणाला विशेष वाटले असेल असे आम्हांस वाटत नाही. शेजार म्हणजे हेच.

तरीही पुस्तक ही वाचणाऱ्याची सोय. ज्या घरांत वाचता येणारा एखादाच, आणि बायकांना तर अक्षरओळखही नाही, त्या घरांपर्यंत मोशे आणि एस्तेर पोचायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर मुंबईतल्या बेने इस्राएल मंडळींनी १८८० साली शोधले. त्यांनी कीर्तन सुरू केले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्या आरंभीच्या कीर्तनकारांपैकी एक. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने रचली गेली आणि ती साकी, दिंडी, अभंग, पद अशा मराठी वृत्तांत नि चालींत गायिली जाऊ लागली.

येथे क्षणभर थांबून वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कीर्तन हा केवळ गाण्याचा प्रकार नव्हे, तो एक सांगाडा आहे. आधी नमन, मग निरूपण, मग आख्यान; गद्यात कथा पुढे न्यायची, भावना दाटली की पद्यात शिरायचे, आणि मधूनमधून श्रोत्यांना आपल्या सुरात ओढून घ्यायचे. मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या समाजाला हा सांगाडा घेताना त्यातले दैवत बदलणे भाग होते. त्यांनी ते बदलले, एकाच निराकार देवाला नमन केले आणि बाकीचा सांगाडा तसाच ठेवला. शेजारच्या अंगणात ऐकून ऐकून कानांत बसलेला ताल टाकून देण्याची त्यांना गरज भासली नाही. पुढे १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी आपल्या नव्या श्रद्धेसाठी अभंग आणि कीर्तन जवळ केले, ते आपण कौतुकाने सांगतो. बेने इस्राएलांचे कीर्तन त्याआधी पंधरा वर्षांचे आहे, ते मात्र आपण सांगत नाही. आणि योगायोग असा की १८८० हेच ‘संगीत शाकुंतल’चेही वर्ष. मराठी माणूस गाण्यातून गोष्ट ऐकण्यास किती आतुर होता, याची ही दोन टोके.

आता पुन्हा किहीमकरांकडे वळू. १८७५ साली त्यांनी मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा सुरू केली, आणि १८९७ साली समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये; म्हणजे चाळीस वर्षांनी, लेखकाच्या मृत्यूनंतर. जगाला ‘आम्ही कोण’ हे सांगण्यासाठी लिहिलेले ते हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले. त्याच काळात घरच्यांना ‘आपण कोण’ हे सांगण्याचे काम कीर्तन करीत होते. पहिला इतिहास पुराव्यांनी मांडलेला, दुसरा चालींत बसवलेला. इतिहासकार पहिल्याला इतिहास म्हणतील हे उघड आहे. पण ज्या आजीला इंग्रजी येत नव्हते तिला मिसरातून सुटका कशी झाली हे साकीतून कळले, आणि तिने ते नातीला गाऊन सांगितले. तिच्यापुरता इतिहास तोच.

लोकप्रिय संस्कृतीत बेने इस्राएलांचे नाव निघते ते बहुधा चित्रपटांच्या संदर्भात, आणि तेही साहजिक आहे. जोसेफ डेव्हिड पेणकर हे पारशी रंगभूमीचे नाटककार. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ त्यांच्याच नाटकावरून घेतलेला होता. सुझन सॉलोमन ही अभिनेत्री फिरोजा बेगम या नावाने पडद्यावर आली. ‘बूट पॉलिश’मधला (१९५४) प्रेमळ जॉन चाचा साकारणारे डेव्हिड अब्राहम चेऊलकर तर घरोघरी पोचले, त्या भूमिकेने त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला.

पण या यादीतली नावे नीट पाहावीत. पेणकर हे जोसेफ डेव्हिड म्हणून ओळखले गेले, चेऊलकर नुसते डेव्हिड झाले, आणि सुझनचे तर नावच बदलले. पडद्याने या कलावंतांना देशभर नेले आणि नेताना त्यांच्या नावातले गाव उतरवून ठेवले. चौल आणि पेण पडद्यावर कुणाला दिसले नाहीत. कीर्तनाची पोच याच्या शतांशही नव्हती, पण ते गाणारा अष्टमकर अष्टमकरच राहिला. प्रभाव किती दूर गेला हे मोजायचे की किती आतवर गेला हे, असा प्रश्न कलावंतांच्या इतिहासात नेहमीच पडतो. आमचा कल दुसऱ्या मापाकडे आहे.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे त्यांच्यापुढे अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. विवाहाच्या बाबतीत त्यांच्या ज्यूपणावरच धर्मपीठाने शंका घेतली. आंदोलने झाली, आणि अखेर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठामपणे नोंदवले. कुलाब्यात ज्यांना त्यांच्या शनिवारामुळे ओळखत, त्यांना जेरुसलेममध्ये आपला शनिवार सिद्ध करावा लागला. अशा वेळी मराठी गाणी टाकून देणे सोयीचे ठरले असते. त्यांनी तसे केले नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले, मलिद्याचा विधी चालू ठेवला, आणि कीर्तनाची पदे विशेषतः स्त्रियांनी कंठात जपली. सागाव-खंडाळ्याच्या ज्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, तेथे पोहे, गूळ, खोबरे आणि फळे घेऊन परदेशातील कुटुंबे अजूनही येतात.

आता अडचण निराळी आहे. ती पदे गाणाऱ्या आज्यांची नातवंडे हिब्रूत वाढली. त्यांना एस्तेर ठाऊक आहे, साकी ठाऊक नाही. इकडे आपल्याला साकी ठाऊक आहे, पण त्या साकीत एस्तेर होती हे ठाऊक नाही. या कीर्तनाचा वारसा असा दोन अर्ध्यांत फाटला आहे, आणि त्यातला एक अर्धा आपल्या हाती आहे. त्यांचे अर्धे जपण्याचे काम त्यांनी आणि काही परदेशी अभ्यासकांनी चालवले आहे. आपल्या अर्ध्याची जबाबदारी मराठी कीर्तनाचा इतिहास लिहिणाऱ्यांची: नारदीय, वारकरी, राष्ट्रीय या प्रकरणांच्या शेजारी एक प्रकरण बेने इस्राएलांचेही हवे, आणि ते परिशिष्टात नको. पदे ज्यांच्या कंठात आहेत त्यांचे वय पाहता, या लिखाणाला फार सवड उरलेली नाही.