वाया जाणारी वाफ आणि नॉर्बर्ट रिल्यू

फौजेत असताना उंचावरच्या एका ठाण्यावर आम्हाला रॉकेल मोजून मिळायचं. आमचा लांगरी जेवण उतरलं की त्याच तापलेल्या चुलीवर लगेच आंघोळीचं पाणी चढवायचा. "साहेब, चूल थंड झाली की रॉकेल दोनदा लागतं," असं त्याचं म्हणणं. आजचा विषय काढला की तो हटकून आठवतो.

चला एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत, लुइझियानाच्या उसाच्या मळ्यांवर. तिथं रस आटवायला उघड्या काहिलींची रांग असे. गुलाम माणसं लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका काहिलीतून दुसरीत ओतत. माणसं भाजत, ढिगानं लाकूड जळे आणि सगळी वाफ हवेत जाई.

नॉर्बर्ट रिल्यू 1806 मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मला. वडील गोरे, आई स्वतंत्र कृष्णवर्णीय. शिक्षण पॅरिसला. 1843 आणि 1846 मध्ये त्यानं आपल्या यंत्राची पेटंटं घेतली. कल्पना साधी होती. बंद भांडी ओळीनं ठेवायची. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला तापवते. दुसऱ्यात दाब कमी ठेवलेला, म्हणून तिथला रस कमी तापमानालाच उकळतो आणि त्याची वाफ तिसऱ्याला पुरते. जिथं एक किलो वाफेनं साधारण एक किलो पाणी उडायचं, तिथं तीन भांड्यांत जवळपास तीन किलो उडू लागलं.

पळीनं उकळता रस ओतण्याचं काम या यंत्रानं संपवलं, पण नफा मळेवाल्यांच्या खिशात गेला. गुलामगिरी 1865 पर्यंत टिकली. रिल्यूला त्या समाजात बरोबरीची जागा नव्हती. तो फ्रान्सला परतला आणि 1894 मध्ये पॅरिसलाच वारला.

आज प्रवरानगरपासून उत्तर प्रदेशापर्यंत साखर कारखान्यांत रस याच तत्त्वावर आटतो. पुढचं काम मात्र घाण्याघाण्यानं चालतं. पॅन भरायचा, दाणा वाढवायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. पॅनला बहुधा आटवणीच्या भांड्यांतलीच वाफ देतात. सगळे पॅन एकदम सुरू केले तर वाफ अपुरी पडते, बॉयलरचा दाब घसरतो. सगळे एकदम थांबले तर तीच वाफ नको होते. म्हणून पॅन पाठोपाठ लावावे लागतात. औषधं, रंग, कापड रंगवणं, जिथं माल घाण्यानं निघतो तिथं हेच. एका घाण्याची उष्णता दुसऱ्याला हवी त्याच वेळी मिळाली पाहिजे, नाहीतर गरम पाण्याच्या टाकीत साठवली पाहिजे.

इथं पैसा यंत्रापेक्षा वेळापत्रकात वाचतो. वाचलेल्या बगॅसची वीज होते आणि ती विकता येते.

कधी साखर कारखाना पाहायला गेलात, तर पॅनच्या मजल्यावर विचारा, "पुढचा पॅन कधी लावणार, आणि आत्ताच का नाही?" उत्तर ऐकून मला जरूर कळवा. जय हिंद.