चुंबकीय अतिउष्णता उपचार

कर्करोगाच्या गाठीत चुंबकीय नॅनोकण सोडून, बाहेरून प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्राने ते तापवून गाठीतील पेशी मारण्याची किंवा दुबळ्या करण्याची उपचारपद्धती. यासाठी मुख्यतः मॅग्नेटाइट व मॅगहेमाइट ही लोहाची ऑक्साइडे वापरतात. कणांचा गाभा बहुधा १० ते १०० नॅनोमीटर व्यासाचा असतो (१ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). कण एकमेकांना चिकटू नयेत आणि शरीराने ते सहन करावेत म्हणून त्यांवर डेक्स्ट्रान, सिलिका यांसारख्या पदार्थाचे वेष्टन देतात.

उष्णता आणि कर्करोग : सुमारे ४१ ते ४६ अंश सेल्सिअस तापमानात पेशींतील प्रथिनांची घडण बिघडते आणि डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा लंगडी पडते. म्हणून उष्णतेच्या जोडीला दिलेली किरणोपचाराची किंवा औषधांची मात्रा अधिक परिणामकारक ठरते. गाठीच्या अंतर्भागात रक्तपुरवठा अपुरा असतो. तेथील ऑक्सिजनला मुकलेल्या, आम्लधर्मी परिसरातील पेशी किरणांना सहसा दाद देत नाहीत. पण उष्णतेपुढे त्याच लवकर नमतात. ५० अंशांच्या आसपास आणि त्यापुढे पेशी थेट मरतात. त्याला तापविच्छेदन म्हणतात.

कण कसे तापतात : प्रत्यावर्ती क्षेत्राची दिशा सेकंदाला लाखो वेळा बदलते आणि कणांचे चुंबकत्व तिच्यामागे धावू लागते. लहान कणांत केवळ चुंबकत्वाची दिशा आतल्या आत फिरते (नेएल शिथिलन), तर द्रवात मोकळा असलेला कण सबंधच फिरतो (ब्राउन शिथिलन). दोन्ही प्रकारांत चुंबकत्व क्षेत्राच्या थोडे मागे राहते आणि या दिरंगाईत खर्च झालेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. गाठीत कण ऊतीला चिकटून बसत असल्याने तेथे नेएल शिथिलनाचा वाटा मोठा असतो. क्षेत्र बंद होताच लहान कणांचे एकूण चुंबकत्व नाहीसे होते. या गुणामुळे, म्हणजे सुपरपॅरामॅग्नेटिक असल्यामुळे, चुंबकासारखे एकमेकांना ओढून त्यांचे पुंजके होण्याची भीती कमी असते.

इतिहास : तापात गाठ विरल्याच्या नोंदी जुन्या आहेत. जर्मन शल्यचिकित्सक विल्हेल्म बुश यांनी १८६६ मध्ये विसर्प या ज्वरयुक्त त्वचारोगानंतर सार्कोमा नाहीसा झाल्याचे नोंदवले. पण साऱ्या शरीराचा ताप गाठीपुरता कसा आणायचा? शिकागो येथे आर. के. गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये या प्रश्नाला उत्तर सुचवले. त्यांनी चुंबकीय कण लसीका ग्रंथींत पोहोचवून १.२ मेगाहर्ट्झच्या क्षेत्राने त्या तापवल्या. १९९३ पासून बर्लिनमध्ये आंद्रेआस योर्डान यांच्या गटाने नॅनोकणांवर पद्धतशीर काम केले. त्यातून निघालेल्या ‘नॅनोथर्म’ या उत्पादनाला मेंदूतील गाठींसाठी २०१० मध्ये युरोपीय मान्यता मिळाली.

प्रत्यक्ष उपचार : ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा अतिशय आक्रमक कर्करोग. बर्लिनमधील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ६६ रुग्ण होते व त्यांपैकी ५९ जणांचा ग्लायोब्लास्टोमा उलटलेला होता. कणांचे द्रावण सुईने थेट गाठीत सोडून १०० किलोहर्ट्झच्या क्षेत्रात तासाभराची सहा सत्रे दिली गेली आणि जोडीला किरणोपचार केले. रोग उलटल्यानंतरच्या आयुर्मानाचा मध्यांक १३.४ महिने आला. हा आकडा आशा वाढवणारा आहे; मात्र चाचणीत तुलनेसाठी वेगळा रुग्णगट नसल्याने त्यातील उष्णतेचा नेमका वाटा सिद्ध होत नाही. कण बनवणारी मॅगफोर्स ही कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

मर्यादा : उष्णता निर्माण करणे सोपे आहे, ती हवी तेथे, हवी तेवढीच ठेवणे हा या उपचाराचा गाभा आहे. क्षेत्राने निरोगी ऊतींतही आवर्त प्रवाह निर्माण होऊन त्या तापतात, म्हणून क्षेत्राची तीव्रता व वारंवारता यांच्या गुणाकारावर बंधन पाळावे लागते. पेसमेकर असलेल्यांना हा उपचार देता येत नाही आणि डोक्यावरील उपचारापूर्वी दातांतील धातूचे भरणही काढावे लागते. गाठीत राहिलेल्या लोहामुळे नंतरच्या एमआरआय चित्रात अडथळा येतो. शिरेतून दिलेले कण बहुतांशी यकृत व प्लीहेत अडकतात. प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ मधील एका आढाव्यात, सर्व प्रकारचे नॅनोकण धरून, दिलेल्या मात्रेपैकी मध्यांकानुसार ०.७ टक्केच गाठीत पोहोचल्याचे आढळले. शिवाय सुटी पेशी किंवा सूक्ष्म पुंजका सभोवताली उष्णता इतक्या झपाट्याने गमावतो की तो एकट्याने तापवता येत नाही. म्हणून शरीरभर विखुरलेल्या रोगावर आज हा उपाय नव्हे.

संशोधनाची दिशा : ठरावीक तापमानाला आपोआप थांबणारे कण हे एक मोठे उद्दिष्ट आहे. लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगॅनाइटात घटकांचे प्रमाण बदलून क्यूरी तापमान खाली आणता येते; त्यापुढे कणांचे चुंबकत्व सरते आणि तापणेही मंदावते. या पदार्थावर कोल्हापुरात काम झाले आहे. लोहाच्या ऑक्साइडांच्या कणांवर मुंबईतील आयआयटी व भाभा अणुसंशोधन केंद्र येथे संशोधन झाले आहे. प्रयोगशाळेत कण भरवशाने तापतात. रुग्णाच्या गाठीत ते सर्वत्र सारखे पसरवणे आणि आतले तापमान शरीर न भेदता मोजणे, या दोन गोष्टी साधल्या तर सिद्धतेसाठी तुलनात्मक चाचण्यांना भक्कम पाया मिळेल.