धर्म बदलला, देश नव्हे

माणूस ख्रिस्ती झाला म्हणजे तो देशाला परका झाला, अशी एक समजूत आपल्याकडे फार दिवसांची आहे. कळवणसारख्या तालुक्यात ती अजूनही कधीमधी कानावर येते. ती तपासायची तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र पाहावे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. किंमत जबर पडली. पत्नी लक्ष्मीबाई, म्हणजे आपल्याच नाशिकजवळच्या जलालपूरची लेक, काही वर्षे दुरावली. त्याही पुढे १९०० साली ख्रिस्ती झाल्या. ती हकिगत त्यांच्याच 'स्मृतिचित्रे'त वाचावी, दुसऱ्याने सांगण्यात मजा नाही.

आता टिळकांनी केले काय? त्या काळी देवळात, म्हणजे ख्रिस्ती मंडळींच्या देवळात, विलायती चालींवर गाणी चालत. मराठी शेतकऱ्याला ती कशी रुचावी? टिळकांनी अभंग रचले, ओव्या रचल्या, हातात टाळ घेऊन ख्रिस्ताचे कीर्तन उभे केले. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. जोडीला देशभक्तीच्या कविताही लिहिल्या.

पण खरी कसोटी पगाराची! अहमदनगरला ते अमेरिकन मिशनच्या नोकरीत होते. परक्याच्या पैशावर राहून स्वदेशी ख्रिस्ती समाज उभा राहणार कसा, हा सल त्यांना होता. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशन सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मिशनमधल्या कित्येकांना हे रुचले नाही. दरबार नीट बसण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले. भजने मात्र आजही मराठी देवळांत टाळांवर चालतात.