पुण्याचा मासा, कावेरीचा गळ

गळ टाकून नदीकाठी बसलेल्या माणसाविषयी आपल्याकडे फारसे बरे बोलले जात नाही. ज्याला दुसरा उद्योग नाही तो गळ टाकतो, अशी सर्वसाधारण समजूत. आणि 'गळाला लागणे' हा वाक्प्रचार तर आपण फसलेल्या माणसासाठीच राखून ठेवला आहे. त्यातून पुणेकराची माशांविषयीची आस्था बेताची. बाजारात पापलेट येते ते कोकणातून, एवढे त्याला ठाऊक असते. पण आपल्या मुळा-मुठेच्या पोटात कधी काळी मणामणाच्या गोष्टी पोहत होत्या, हे सांगितले तर तो पुलाच्या कठड्यावरून खालचे पाणी पाहतो आणि सांगणाऱ्याकडे कीव आल्यासारखा बघतो.

असे असताना आमच्या शेजारच्या एका तरुणाने बरी चाललेली नोकरी सोडून गळाचा धंदा काढावयाचे मनात घेतले आहे. मासे विकण्याचा धंदा नव्हे. मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींना सुटीच्या दिवशी मावळातल्या एखाद्या धरणाच्या पाण्यावर न्यावयाचे. होडी याची, गळ याचा, सोबतचा वाटाड्या याचा, दुपारची पिठले-भाकरीही याचीच. पाहुण्याने मासा धरावयाचा, फोटो काढावयाचा आणि मासा पुन्हा पाण्यात सोडून द्यावयाचा. "मग पैसे कशाचे घेणार?" असे त्याच्या आईने विचारले. माझ्या मते या धंद्याविषयी याहून मार्मिक प्रश्न कोणी विचारलेला नाही. "काका, तुम्ही जुन्या पोथ्यापुस्तकांत रमता, असा उद्योग पूर्वी कोणी केला होता का, एवढे शोधून द्या," असे काम त्याने माझ्यावर सोपविले. शोधू लागलो तो एका माशाचे चरित्रच हाती लागले, आणि त्या माशाचे जन्मगाव पुणे निघाले!

शोधाची सुरुवात मात्र बरीच मागून करावी लागते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा हा इसवी सनाच्या 1126 पासून 1138 पर्यंत गादीवर होता. त्याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. मराठी भाषेच्या जुन्या खुणा सापडतात म्हणून आपले भाषापंडित त्याचा उल्लेख करतात. त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचे एक प्रकरण आहे, तिकडे मात्र पंडितांचे लक्ष कमी गेले. ते गेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांचे. त्यांनी 1951 साली या प्रकरणावर निबंधच लिहिला. माशांच्या सुमारे 35 जाती, काठी, दोरी, गळ, कोणत्या माशाला कसला घास रुचतो, हे सारे राजेसाहेबांनी बारकाईने सांगितले आहे. म्हणजे गळ टाकणे हा रिकामटेकड्यांचा नव्हे, तर राजांचा विनोद होता. राजाला अर्थात भाडे द्यावे लागत नसे.

यानंतर मी एकदम सातशे वर्षांची उडी मारतो. मधल्या काळात मासे होते आणि ते धरणारेही होते, पण त्यांच्याविषयी लिहून ठेवणारा मला भेटला नाही. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने 1824 साली विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची मोजदाद करण्याच्या कामावर नेमले. माणसे, शेते, पाऊस, पक्षी, जे दिसेल ते या गृहस्थाने मोजले. आणि ते संपल्यावर तो माशांकडे वळला. विलायतेस परतल्यावर त्याने 'दख्खनचे मासे' या विषयावर लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे निबंध ठेवला. त्यात चाळिसांहून अधिक जातींचे वर्णन होते, व बहुतेक जाती शास्त्राला नव्या होत्या.

साइक्सची एक गोष्ट मला फार आवडते. नव्या माशांना नावे देताना काही ठिकाणी त्याने आपल्या मित्रांची वर्णी लावली, नाही असे नाही. पण पुष्कळ ठिकाणी येथल्या भोई-कोळ्यांच्या तोंडची नावेच त्याने जशीच्या तशी लॅटिनच्या पंगतीला बसविली. कोळस, नुकटा, शेंगटी, सांडकोळ, वाटाणा! लंडनच्या विद्वत्सभेत ही नावे वाचली गेली तेव्हा श्रोत्यांच्या जिभांचे काय झाले असेल, याची कल्पना करून पाहावी. ज्यांनी ती नावे सांगितली त्या माणसांचे नाव मात्र निबंधाला लागले नाही. भोई आळीवरून जाताना मला हे हटकून आठवते.

या यादीतच पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळालेला एक मोठ्या खवल्यांचा, निळसर परांचा मासा आहे. त्याचे नाव साइक्सने 'खुद्री' असे लिहिले. महाशीर म्हणून जे थोर माशांचे कुळ हिंदुस्थानभर प्रसिद्ध आहे, त्यातला हा दख्खनचा महाशीर. शास्त्रात तो आज 'टोर खुद्री' म्हणून ओळखला जातो आणि 1839 हे त्याच्या नामकरणाचे साल धरतात. जगाच्या पाठीवर कोठेही या माशाविषयी वाद उपस्थित झाला, तर शास्त्रज्ञाला मनाने का होईना पुण्याच्या नदीवर यावे लागते.

महाशीर म्हणजे गळवाल्यांचे दैवत. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्याने 1873 साली हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि महाशीर हा विलायतेच्या सामन माशाच्याही वरचढ आहे, असे साहेबलोकांच्या मनात भरवून दिले. झाले! वाघाच्या खालोखाल महाशीर अशी प्रतवारी लागली. वजनांची चढाओढ सुरू झाली. 1919 साली 119 पौंडांचा मासा निघाला. 1946 च्या मार्चमध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने काबिनी नदीतून 120 पौंडांचा काढला, आणि तो उच्चांक गळाच्या जगात अजून मानाने सांगितला जातो. हे घराणे वाघ-बिबळ्यांत पेंढा भरून देण्यासाठी प्रसिद्ध होते, हा योगही पाहण्यासारखा. काबिनी ही कावेरीला मिळणारी नदी. तिच्यातला तो महाकाय मासा खुद्री नव्हे. तो पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा कुबडा महाशीर. ही खूणगाठ वाचकांनी बांधून ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, त्याच्या मागोमाग गळाची चर्चाही थंडावली. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिघे इंग्रज गळवाले जगभर भटकत कावेरीवर आले, त्यांना अजस्र मासे मिळाले आणि ती वार्ता पुन्हा विलायतेत पोहोचली. कर्नाटक सरकारने 1980 साली रानातील निवासांसाठी 'जंगल लॉजेस' ही कंपनी काढली होती. तिच्यामार्फत भीमेश्वरीला, पुढे गालिबोरेला, कावेरीकाठी तंबू उभे राहिले. माझ्या शेजाऱ्याच्या डोक्यातला धंदा तो हाच. बांबूची गोल टोपलीसारखी होडी, आमिषाला नाचणीचा शिजविलेला गोळा, जेवण, बिछाना आणि पाण्याची नस ओळखणारा वाटाड्या, या सर्वांचे मिळून दिवसाचे भाडे. मासा तोलावयाचा आणि सोडून द्यावयाचा, हा पक्का नियम.

त्या माउलीच्या प्रश्नाला येथे उत्तर मिळते. बाजारात मासा एकदाच विकला जातो. तंबूच्या धंद्यात तोच मासा वर्षानुवर्षे विकला जातो, आणि विकूनही मालकाकडेच राहतो. पाहुणा पैसे देतो ते आशेचे. वाटाडे म्हणून जी माणसे घेतली, त्यांतली कित्येक पूर्वी त्याच डोहांत सुरुंगाचे तोटे टाकून मासे मारीत. त्यांना पगार सुरू झाला तो मासा जिवंत असण्याचा, आणि तेच डोहांचे राखणदार झाले. उपदेशाने जे साधले नसते ते महिन्याच्या पगाराने साधले.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. टाटांच्या वीज कंपनीची लोणावळ्याकडील तळी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधली गेली. या कंपनीच्या मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 पासून सेनापती बापटांनी लढा दिला, ती कथा पुणेकराला सांगावयास नको. लोणावळ्याच्या वळवण तळ्यात मात्र त्याच पाण्याच्या काठी 1970 च्या सुमारास वेगळे काम सुरू झाले. मत्स्यखात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली खुद्री महाशिराची पैदास होऊ लागली. हे काम वाटते तितके सोपे नाही. हा मासा पावसाळ्यात ओढ्यानाल्यांतून वर चढतो व वाहत्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. रोहू-कटल्याच्या मानाने अंडी थोडी, मोठी आणि तळाशी बसणारी. पिकलेल्या मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढावयाची, त्यांवर नराचे रेत सोडावयाचे आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती डोळ्यांत तेल घालून सांभाळावयाची. कुलकर्णी व त्यांचे सहकारी ओगले यांनी पुढे एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली. ही फळलेली अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूर धाडता येतात! बाळंतिणीच्या खोलीतला कापूस माशाच्याही कामी आला. 1979 साली त्यावरचा त्यांचा निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला.

लोणावळ्याची पिले मग देशभर गेली. कावेरीतले मासे कमी होत आहेत अशी तक्रार होतीच. तेथल्या हौशी संघांनी ही पिले मागवून नदीत सोडली. हेतू अगदी शुद्ध होता. पुण्याचा मासा तेथे रुळला, वाढला, माजला म्हटले तरी चालेल. गालिबोरेच्या तंबूत धरलेल्या प्रत्येक माशाची नोंद वहीत होत असे. 1998 ते 2012 या काळातल्या त्या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या. सहा हजारांवर मासे, तेवीस हजारांहून अधिक तासांची गळाची तपश्चर्या! वर्षागणिक माशांची संख्या वाढत होती, पाहुणे खूष होते, धंदा उत्तम चालला होता. पण वाढत होता तो निळ्या परांचा खुद्री. नारिंगी परांचा, कुबडा, कावेरीचा मूळ मालक घटत घटत जवळजवळ दिसेनासा झाला होता. पाहुणा म्हणून आलेल्याने घर बळकाविले. आणि त्याला आणणारे त्या घराचे हितचिंतकच होते. धरणे, वाळूउपसा, चोरटी मासेमारी यांचा दोष काही थोडा नाही. तो सारा लोणावळ्याच्या माथी मारणे अन्याय होईल. तरीही वहीतले आकडे वाचताना पुणेकर म्हणून मला अवघडल्यासारखे झाले खरे.

धंद्याचा शेवट मात्र मासे संपून झाला नाही, कायद्याने झाला. ते डोह अभयारण्यात येत होते. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या दृष्टीने अभयारण्यात गळ टाकणे म्हणजे शिकारच, मासा सोडून दिला तरी, असा अर्थ लावला गेला आणि 2012 च्या सुमारास तेथला गळ थांबला. तंबू राहिले, वाटाड्यांचे काम गेले. डोहावर रोज नजर ठेवणारी माणसे गेल्यावर तोटेवाल्यांचे फावते, असे नदीची बाजू घेणारे अनेकजण तेव्हा म्हणत होते. मला त्यांचे म्हणणे पटते.

आणि खुद्रीच्या जन्मगावी काय? 1942 साली फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने पुण्याच्या माशांची यादी केली होती. 2003 साली मुळा-मुठेच्या माशांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा जुन्या यादीतली कित्येक नावे नदीत उरली नव्हती. 1879 साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले तेव्हापासून वरचे पाणी शहराच्या नळाला व कालव्याला जाते, आणि खाली नदीच्या वाट्याला शहर जे परत देते ते येते. इंद्रायणीत देहूच्या डोहात भाविकांच्या श्रद्धेने महाशीर राखला गेला; पण श्रद्धेची सत्ता घाटापुरती, वरून येणाऱ्या सांडपाण्यावर ती चालत नाही. मेलेल्या माशांच्या बातम्या तेथूनही येतात.

शेजाऱ्याला मी एवढेच सांगितले की, होडी विकत घेण्याआधी पाण्याचा मालक कोण ते पाहा. धरण पाटबंधाऱ्याचे, मासे धरण्याचा ठेका बहुधा एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेचा. तेव्हा भागीदार शोधावयाचा तो पुण्यातल्या पैसेवाल्यांत नव्हे, त्या संस्थेतल्या भोयांत. पावसाळ्यात दुकान बंद ठेव, तेव्हा मासा बाळंतपणाला वर जातो. धरलेल्या प्रत्येक माशाची जात, वजन, तारीख वहीत लिही. आणि पिले सोडावयाची लहर आली तर ती कोणत्या नदीची, हे आधी विचार. त्याने वही लगेच विकत घेतली. होडीचे अजून ठरावयाचे आहे.

राहता राहिला कावेरीचा तो कुबडा मासा. दीडशे वर्षे साहेबांनी त्याच्यासाठी समुद्र ओलांडले, त्याच्याबरोबर छायाचित्रे काढली, त्याच्या वजनावर पैजा मारल्या. पण त्याचे शास्त्रीय नाव काय, हे कोणी निश्चित केले नव्हते. पुण्याच्या खुद्रीला 1839 पासून नाव आहे, त्याला नव्हते. नाव नाही म्हणून संकटग्रस्तांच्या यादीत जागा नाही, अशी त्याची अवस्था. शेवटी 2018 साली काही देशी-विदेशी संशोधकांनी त्याची ओळख पटविली. त्यांत पुण्याच्या 'आयसर' संस्थेतले नीलेश डहाणूकर होते. केरळातल्या पांबार या कावेरीच्या उपनदीतून काही लहान मासे आधीच वर्णिले गेले होते आणि प्राणिशास्त्रज्ञ रेमादेवी यांच्यावरून त्यांना 'टोर रेमादेवी' हे नाव मिळाले होते. ती लहान पिले म्हणजेच तो महाकाय मासा, असे ठरले. त्याच साली अतिसंकटग्रस्तांच्या यादीत त्याची नोंद झाली. थोडे मासे मोयार नदीत उरले आहेत.