‘रॉक अँड रिओस’: दोन रात्रींत टिपलेला स्पेन

१/ मार्च १९८२. माद्रिदच्या एका टोकाला, कॅम्पामेंतो भागातील लष्करी इमारतीत, ३३ आरोपींवर बंडाचा खटला चालू होता. त्याच शहरात ५ आणि ६ मार्चच्या रात्री रेआल माद्रिद क्लबच्या क्रीडागृहात हजारो तरुण मिगेल रिओसच्या मैफलीला जमले. त्या दोन रात्रींच्या ध्वनिमुद्रणातून ‘रॉक अँड रिओस’ हा दुहेरी अल्बम जन्मला.

२/ खटल्याचे मूळ वर्षभरापूर्वीचे. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी लेफ्टनंट कर्नल तेहेरो सशस्त्र शिपायांसह संसदेत घुसला, छताच्या दिशेने गोळ्या झाडल्या आणि लोकप्रतिनिधींना रात्रभर ओलीस धरले. राजा हुआन कार्लोस यांनी दूरचित्रवाणीवरून राज्यघटनेच्या बाजूने भाषण केले आणि बंड फसले. नव्या राज्यघटनेला तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती.

३/ त्याआधीची जवळजवळ चार दशके जनरल फ्रांकोच्या हुकूमशाहीची. वीसहून अधिक माणसांनी एकत्र जमायचे तर सरकारी परवानगी लागे. ध्वनिमुद्रिकेवर जाणारे शब्द आधी सरकारी परीक्षकाच्या नजरेखालून जात. अशा देशात हजारोंनी एका छताखाली जमून मनमोकळे गाणे, ही साधी करमणूक नव्हती.

४/ मिगेल रिओसचा जन्म १९४४ चा, ग्रानादा शहरातला. साठच्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रिका कंपनीने त्याला ‘माइक’ रिओस बनवून ‘ट्विस्टचा राजा’ म्हणून बाजारात आणले. १९७० मध्ये बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीवर आधारलेल्या गीताने त्याला जगभर नेले, पण अमेरिकेत गाजली ती त्याची इंग्रजी आवृत्ती. रॉक म्हटले की इंग्रजी नाव आणि इंग्रजी शब्द, असा तो काळ.

५/ १९८२ च्या मंचावर मात्र सदतीस वर्षांचा ‘मिगेल’ उभा होता आणि भाषा होती स्पॅनिश. आरंभीच्या गीताचे नावच ‘बिएनवेनिदोस’, म्हणजे ‘सुस्वागतम्’. ज्यांच्या जमण्याचीच एकेकाळी सत्तेला धास्ती होती, त्यांचे हे स्वागत होते.

६/ या अल्बममधील एक गीतमालिका इतिहासाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे. तिच्यात रिओसने बर्निंग, लेन्यो, तेकिला हे बँड आणि गायक मोरिस यांची गाणी एकत्र गुंफली. मोरिस अर्जेंटिनाचा. तेकिलाचे आलेहो स्तिवेल आणि आरिएल रोत हेही १९७६ च्या लष्करी उठावानंतर अर्जेंटिनातून माद्रिदला आलेले. १९३९ नंतर स्पेनचे निर्वासित लॅटिन अमेरिकेच्या आश्रयाला गेले होते. आता प्रवाह उलटा वाहत होता. स्पॅनिश भाषेतील रॉकच्या जडणघडणीत या स्थलांतरितांचा वाटा मोठा आहे. अल्बमचा निर्माता कार्लोस नारेआ हादेखील मूळचा चिलेचा.

७/ स्टुडिओत आवाज हवा तसा घडवता येतो. मैफलीत श्रोत्यांना वगळता येत नाही. म्हणूनच या अल्बमचे खरे वाद्य म्हणजे तो जमाव. ओळ सुरू होताच ती उचलून धरणारे हजारो कंठ ऐकले की उमगते, दुसऱ्याच्या परवानगीची वाट न पाहणारी एक पिढी येथे बोलते आहे.

८/ त्याच वर्षी अल्बम प्रकाशित झाला आणि स्पेनमधील सर्वाधिक खपाच्या रॉक अल्बमांत जाऊन बसला. जूनमध्ये बंडखोरांच्या खटल्याचा निकाल लागला. २८ ऑक्टोबरच्या निवडणुकीत फेलिपे गोन्सालेस यांच्या समाजवादी पक्षाने ३५० पैकी २०२ जागा जिंकल्या. गाण्यांनी सत्तांतर घडवले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्या समाजाने ते घडवले त्याचा आवाज कसा होता, हे मतमोजणीचे आकडे सांगू शकत नाहीत.

९/ ते क्रीडागृह २००४ मध्ये पाडले गेले आणि त्या परिसरात आज गगनचुंबी मनोरे उभे आहेत. न्यायालयाचे निकालपत्र अभिलेखागारात सापडेल. त्याच दिवसांत तरुण माद्रिद कसे गात होते, याचा पुरावा मात्र या दोन तबकड्यांवर आहे. इतिहासाची साधने शोधताना कागदपत्रांइतकेच कानही उघडे ठेवावेत, ते यासाठी.