श्वासाचा आधार आणि दिल्लीचा प्राणवायू

श्वास कोंडलेल्या रोग्याला बाहेरून आधार द्यावा, ही कल्पना जुनी आहे. 1928 साली बोस्टन येथे पोलिओने जखडलेल्या एका बालिकेला फिलिप ड्रिंकर यांच्या लोखंडी पेटीत ठेवण्यात आले. पेटीतील हवेचा दाब उतरला की छाती फुगे आणि हवा आपोआप आत शिरे. घशात काही घालावे लागत नसे. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली आणि असल्या पेट्या अपुऱ्या पडल्या. तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रोग्यांच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवविली, आणि वैद्यकाचे विद्यार्थी रात्रंदिवस आळीपाळीने रबरी पिशवी दाबीत बसले. या पिशवीची जागा पुढे यंत्राने घेतली. नळीने असंख्य प्राण वाचविले खरे. पण तिच्यामागोमाग गुंगीची औषधे आली, जंतुसंसर्गाचे भय आले. रोग्याची वाचाही गेली. म्हणून नळी टाळण्याचा शोध थांबला नाही. 1981 साली सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठी नाकावरील मुखवट्यातून अखंड दाबाने हवा देण्याची युक्ती प्रसिद्ध केली.

कोरोनाच्या साथीत या मार्गाची खरी कसोटी लागली. विषाणूने फुप्फुसातील वायुकोश सुजतात, मिटतात. मुखवट्यातील दाब ते उघडे ठेवतो. नाकातील रुंद नळ्यांतून उबदार, दमट प्राणवायूचा वेगवान झोत देता येतो. आणि रोग्याला पालथे निजविले तरी पाठीकडील दबलेला भाग मोकळा होतो. या शेवटच्या उपायाला खर्च काहीच नाही! 2020 च्या आरंभी रोग्याच्या घशात लवकर नळी घालण्याकडे अनेक डॉक्टरांचा कल होता. अनुभव वाढला तसा तो ओसरला.

परंतु या सौम्य उपचाराची भूक मोठी असते. विश्रांती घेणाऱ्या निरोगी माणसाचे शरीर मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू वापरते. वेगवान झोताला मात्र मिनिटाला 60 लिटरपर्यंत वायू लागतो. त्यातील बहुतेक नाकातोंडावाटे खोलीत निघून जातो. सात हजार लिटरचे मोठे सिलिंडर अशा एका रोग्याला दोन तासही पुरत नाही. घशातील नळीने यंत्राला जोडलेल्या रोग्याचे याच्या लहानशा अंशावर भागते.

20 एप्रिल 2021 रोजी दिल्लीत 28,395 नवे रुग्ण नोंदले गेले, तेव्हा या हिशेबाचे भयंकर रूप प्रकटले. राजधानीपाशी प्राणवायूचे मोठे कारखाने नव्हते. तो परराज्यांतून, उणे 183 अंशांवर द्रवरूप करून, टँकरने येई. दुसऱ्याच दिवशी दिल्लीचा दैनिक वाटा 378 वरून 480 टनांवर नेण्यात आला, तरी रुग्णालयांची न्यायालयात धाव चालूच राहिली. रिकामे टँकर घेऊन पहिली प्राणवायू-गाडी 19 एप्रिलला निघाली ती महाराष्ट्रातील कळंबोलीहून, विशाखापट्टणमकडे. दिल्लीची पहिली गाडी छत्तीसगडमधील रायगढहून सुमारे 70 टन घेऊन 27 एप्रिलच्या पहाटे पोहोचली. तोवर दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादमधील इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्याने रस्त्यावरच प्राणवायूचा लंगर मांडला होता. अन्नाऐवजी श्वास वाढण्याची ही पंगत पाहून कोणाचे मन हेलावले नसेल? मे महिन्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने दिल्लीला दररोज 700 टन देण्यास बजावले. इतकी गरज होती काय, यावर पुढे वाद झाला. खाटांच्या संख्येवरून गरज मोजणे सोपे. कोणत्या खाटेवर कोणता झोत चालू आहे, हे कागदावर दिसत नाही.

मुखवट्यातील दाब आणि वेगवान झोत यांतही भेद आहे. 2022 साली ब्रिटनमधील 1,273 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नेहमीच्या प्राणवायूच्या तुलनेत मुखवट्यातील अखंड दाबाने नळी घालण्याची पाळी किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण घटले. वेगवान झोताचा तसा लाभ सिद्ध झाला नाही. दिल्लीतील डॉक्टरांपुढे एप्रिल 2021 मध्ये हा निष्कर्ष नव्हता.

हवेतूनच प्राणवायू वेगळा करणारी संयंत्रे मे 2021 मध्ये दिल्लीच्या रुग्णालयांत बसू लागली. संरक्षण संशोधन संस्थेच्या तंत्रावरील अशा एका संयंत्राची क्षमता मिनिटाला 1,000 लिटर. मिनिटाला पाच लिटर घेणाऱ्या 190 रोग्यांना ते पुरते, असे संस्थेने जाहीर केले होते. साठ लिटरच्या झोताचे रोगी असतील, तर ते सोळांना पुरेल.